ग्वीजचा वारसा : विटांचा की करारनाम्याचा?

ऐतिहासिक वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, देवालये, राजवाडे आणि समाध्या उभ्या राहतात. दगड टिकाऊ असतो, म्हणून दगडांचा इतिहास टिकतो. आणि दगड रचून घेण्याचे सामर्थ्य ज्यांच्यापाशी होते, त्यांचाच इतिहास मागे उरतो. श्रमिकांच्या वाट्याला आलेला वारसा बहुधा अदृश्य असतो. त्यांच्या चाळी पडतात, संघटनांची दप्तरे वाळवीच्या तोंडी जातात, संपांच्या आठवणी दोन पिढ्यांत पुसट होतात. या नियमाला अपवाद असलेली जी थोडी स्थळे युरोपात आहेत, त्यांत उत्तर फ्रान्समधील ग्वीज या छोट्या गावाचा क्रम बराच वर लागेल. जेमतेम चार-पाच हजार वस्तीचे हे गाव. परंतु भांडवल आणि श्रम यांच्या संबंधांविषयी एकोणिसाव्या शतकाने जे प्रयोग केले, त्यांतील सर्वांत दीर्घायुषी प्रयोगांपैकी एक येथे झाला. त्या प्रयोगाची इमारत आज सरकारी संरक्षणाखाली आहे. ज्या करारनाम्यामुळे त्या इमारतीला अर्थ होता, तो मात्र १९६८ साली मोडीत निघाला. या दोहोंपैकी वारसा कोणता, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एका गावाचे तीन इतिहास

ग्वीज हे एन जिल्ह्यात, वाज नदीच्या काठी वसलेले गाव. त्याच्या डोक्यावर मध्ययुगीन किल्ला आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजकारणावर ज्या सरदार घराण्याची छाया पडली होती, ते ग्वीजचे ड्यूक याच गावाचे नाव लावीत. १५६२ साली वासी येथे प्रॉटेस्टंटांची जी कत्तल झाली आणि जिच्यामुळे फ्रान्समधील धर्मयुद्धांना तोंड फुटले, ती या घराण्यातील फ्रान्स्वा याच्या माणसांनी केली. त्याचा मुलगा आंरी हा कॅथलिक संघाचा पुढारी. तो इतका प्रबळ झाला की १५८८ च्या डिसेंबरात राजाने त्याला ब्ल्वा येथील राजवाड्यात बोलावून ठार करविले. हा या गावाचा पहिला इतिहास. पाठ्यपुस्तकांत गावाचे नाव येते ते त्याच्यामुळेच.

दुसरा इतिहास एका माणसाचा आहे. १७६० साली याच गावात कामिय देमुलँ जन्मला. १२ जुलै १७८९ रोजी पॅरिसमधील पाले-र्वायालच्या बागेत उभा राहून ज्याने लोकांना शस्त्र हाती घेण्याचे आवाहन केले, तोच हा तरुण वकील व पत्रकार. दोनच दिवसांनी बास्तीय पडले. पुढे क्रांतीने आपल्याच मुलांचा घास घेण्यास सुरुवात केली, तेव्हा १७९४ च्या एप्रिलात दांतोंबरोबर त्याचाही शिरच्छेद झाला. त्या वेळी तो अवघा चौतीस वर्षांचा होता.

तिसरा इतिहास ना सरदारांचा, ना क्रांतिवीरांचा. तो शेगड्या ओतणाऱ्या कामगारांचा आहे, आणि गावाबाहेर वाजच्या वळणात उभ्या असलेल्या विटांच्या तीन प्रचंड इमारतींत तो सामावलेला आहे. या वसाहतीला ‘फामिलिस्तेर’ म्हणतात. तिचा संस्थापक झाँ-बाप्तिस्त आंद्रे गोदँ.

लोहाराचा मुलगा

गोदँचा जन्म १८१७ साली ग्वीजपासून जवळच असलेल्या एस्केएरी या खेड्यात झाला. बाप कुलपे आणि लोखंडी सामान करणारा कारागीर. मुलाची शाळा अकराव्या वर्षी सुटली आणि तो बापाच्या भात्यापाशी बसला. पुढे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो कारागीर म्हणून गावोगाव काम करीत फ्रान्स हिंडला. कामगारांची घरे, त्यांचे कामाचे तास आणि मजुरी ठरविण्यातला मालकांचा मनमानीपणा, हे सारे त्याने पुस्तकांत वाचण्यापूर्वी अंगावर भोगले होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कामगारांचे भले करू पाहणाऱ्या त्या शतकातील बहुतेक कारखानदारांना कामगार हा दयेचा विषय वाटे. गोदँला तो आपला पूर्वाश्रम वाटत असे.

खोलीत ऊब आणण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी त्या वेळी पत्र्याच्या शेगड्या वापरीत. त्याऐवजी त्या बिडाच्या ओताव्यात, म्हणजे उष्णता अधिक वेळ टिकेल, ही कल्पना त्याची. १८४० साली त्याने तिचे पेटंट घेतले आणि १८४६ साली आपला छोटा कारखाना ग्वीजला हलविला. माल खपू लागला आणि लोहाराचा मुलगा काही वर्षांतच धनवान कारखानदार झाला.

याच काळात शार्ल फूरिए या तत्त्वज्ञाचे विचार त्याच्या वाचनात आले. स्पर्धा आणि व्यापारी लबाडी यांवर उभा असलेला समाज मोडून, भांडवल, श्रम आणि बुद्धी यांच्या सहकार्यावर उभी असलेली स्वयंपूर्ण वसाहत स्थापावी, हे फूरिएचे स्वप्न. त्याचा शिष्य व्हिक्तोर कोंसिदेराँ याने १८५५ च्या सुमारास अमेरिकेतील टेक्सस प्रांतात अशी एक वसाहत वसविण्याचा घाट घातला. गोदँने आपल्या संपत्तीचा सुमारे तिसरा हिस्सा तीत घातला. वसाहत काही वर्षांतच मोडली आणि पैसा बुडाला. दुसरा एखादा या अनुभवानंतर स्वप्नांचा नाद सोडून हिशेबाच्या वहीकडे वळला असता. गोदँने निराळा निष्कर्ष काढला. समुद्रापलीकडच्या ओसाड जमिनीवर नवा समाज उभारण्यापेक्षा, जेथे कारखाना चालू आहे, माल खपतो आहे आणि मजुरी मिळते आहे, तेथेच तो उभारावा, असे त्याने ठरविले. १८५९ साली त्याने ग्वीजमध्ये पहिल्या इमारतीचा पाया घातला.

श्रीमंतीचे समतुल्य

त्या काळात कामगारांच्या घरांसाठी जो आदर्श पुढे केला जात होता, तो म्युलूझ येथील कामगारवस्तीचा. तेथे १८५३ पासून कारखानदारांच्या पुढाकाराने छोटी, सुटी, बागेसह घरे बांधण्यात येत आणि कामगाराने हप्त्याहप्त्याने पैसे भरून ती विकत घ्यावीत अशी योजना होती. वरवर पाहता याहून उदार काय असणार? परंतु ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, तो कामगार गाव सोडू शकत नाही, संप करताना दहादा विचार करतो आणि चार भिंतींचा मालक झाल्याच्या भ्रमात मजुरीचा प्रश्न विसरतो. गोदँची दृष्टी याहून सखोल होती. सुट्या झोपडीचा मालक होऊन गरीब माणूस श्रीमंत होत नाही, असे त्याचे मत होते. श्रीमंत माणूस पैशाने प्रकाश, हवा, पाणी, ऊब, आरोग्य, शिक्षण आणि करमणूक विकत घेतो. प्रत्येक कामगाराला हे स्वतंत्रपणे विकत घेता येणार नाही. परंतु शेकडो कुटुंबे एकत्र राहिली, तर ते सामुदायिक रीतीने सर्वांना मिळू शकते. यालाच तो श्रीमंतीचे समतुल्य म्हणत असे आणि त्या इमारतीला ‘सामाजिक प्रासाद’ म्हणत असे. ज्या गावाच्या डोक्यावर ड्यूकांचा किल्ला होता, त्याच गावात कामगारांसाठी प्रासाद बांधावा, यातला अर्थ कोणाच्याही ध्यानात यावा.

रचना अशी होती. मध्यभागी प्रशस्त चौक, त्यावर काचेचे छत, चारी बाजूंना मजले आणि प्रत्येक मजल्याला चौकाकडे उघडणारे सज्जे. सदनिकांची दारे या सज्ज्यांवर उघडत. प्रत्येक मजल्यावर पाण्याचे नळ होते आणि केरकचरा खाली टाकण्याची सोय होती. तळघरांतून गार हवा चौकात खेळविली जाई. मधली इमारत १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, तर उजवी १८७० च्या दशकाच्या अखेरीस झाली. कपडे धुण्याची ओल घरांत येऊ नये म्हणून १८७० साली नदीकाठी धुलाईघर बांधण्यात आले. त्यातच पोहण्याचा तलाव होता. त्याला लागणारे ऊन पाणी कारखान्यातून येई, आणि लहान मुलांना पोहणे शिकता यावे म्हणून त्याचा लाकडी तळ वरखाली करता येत असे.

याशिवाय घाऊक दराने माल आणून विकणारी भांडारे होती, बालसंगोपनगृह होते, शाळा आणि नाटकगृह होते. प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष करणारे कायदे फ्रान्समध्ये १८८१ आणि १८८२ साली झाले. फामिलिस्तेरच्या शाळेत मुले आणि मुली त्यापूर्वीच एकत्र, मोफत आणि पाद्र्यांच्या देखरेखीवाचून शिकत होती. आजारपण, अपघात आणि वार्धक्य यांसाठी निधी होते. फ्रेंच राज्यसंस्थेला ही जबाबदारी पूर्णपणे आपली वाटू लागण्यास अजून कित्येक दशके जायची होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस या प्रासादात सतराशेच्या वर माणसे राहत होती.

करारनाम्याचे अंकगणित

येथपर्यंतचा इतिहास कोणत्याही उदार कारखानदाराचा असू शकला असता. चांगला मालक हा अखेर मालकच असतो. त्याच्या मृत्यूबरोबर त्याची दयाबुद्धी संपते आणि कारखाना वारसांच्या हाती जातो. गोदँचे खरे मोठेपण त्याने हा धोका ओळखण्यात आणि मालकीचाच प्रश्न हाती घेण्यात आहे. १३ ऑगस्ट १८८० रोजी त्याने ‘भांडवल व श्रम यांची सहकारी संस्था’ स्थापन केली. कारखाना, इमारती, शाळा, भांडारे असे सारे मिळून ४६ लाख फ्रँकांचे भांडवल या संस्थेच्या नावे झाले.

हा करारनामा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा अशा योग्यतेचा आहे. नेहमीच्या कंपनीत कामगाराला मजुरी मिळते आणि वाढावा सगळा भांडवलाला मिळतो. गोदँने म्हटले, भांडवलालाही मजुरी असते. ती म्हणजे त्याचे व्याज. ते शेकडा ५ या दराने द्यावे. घसारा, विमानिधी, शिक्षणाचा खर्च आणि हे व्याज वजा जाता जो नफा उरेल, त्यातून राखीव निधीचा आणि व्यवस्थापकीय बुद्धिमत्तेचा हिस्सा बाजूला काढावा. श्रम आणि भांडवल यांच्यासाठी जे उरेल, त्याची वाटणी दोघांनी वर्षभरात केलेल्या सेवेच्या प्रमाणात व्हावी. श्रमाची सेवा म्हणजे एकूण मजुरी, आणि भांडवलाची सेवा म्हणजे एकूण व्याज.

या एका वाक्यात केवढी क्रांती आहे, हे आकडे मांडल्याशिवाय ध्यानात येणार नाही. ४६ लाख फ्रँकांवर शेकडा ५ ने व्याज होते २ लाख ३० हजार. समजा, त्या वर्षी एकूण मजुरी २० लाख झाली. म्हणजे वाटायच्या दर शंभर फ्रँकांपैकी सुमारे नव्वद श्रमाकडे आणि दहा भांडवलाकडे जातील. भांडवलाची मुद्दल रक्कम हिशेबात धरली असती, तर पारडे उलट झुकले असते. व्याज आणि मजुरी यांना एकाच पातळीवर बसविले आणि नफ्याचा ओघ दिशा बदलून वाहू लागला.

दुसरी योजना याहूनही चतुर होती. श्रमाच्या वाट्याचा लाभांश रोख द्यायचा नाही. त्याचे भागदाखले द्यायचे. त्याबरोबर जी रोकड शिल्लक राहील, तिच्यातून गोदँचे भाग फेडायचे. अशा रीतीने कामगाराला खिशातली एक दमडी न काढता कारखाना त्याच्या मालकीचा होत जाईल. संस्थापकाचे भाग फिटले की मग सर्वांत जुने भाग फेडायचे आणि नव्या लाभांशाचे नवे भाग काढायचे. मालकी अशी सतत फिरती राहील आणि काम सोडून गेलेल्यांकडून काम करणाऱ्यांच्या हाती येत राहील. गोदँ जानेवारी १८८८ मध्ये वारला. १८९४ पर्यंत संस्थापकाचे भांडवल फिटून कारखाना कामगारांच्या मालकीचा झाला. हे सारे कोणताही कायदा, कोणतीही जप्ती किंवा सरकारी कर्ज यांवाचून घडले, ही गोष्ट आजही विचार करावयास लावणारी आहे.

उंबऱ्याचा प्रश्न

परंतु समाजवाद्याने या कथेवर भाबडेपणाने भाळून जाऊ नये. एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर जी लेखमाला लिहिली, तिच्यात त्याने ग्वीजचा उल्लेख केला होता आणि हा नफेबाजीचा व्यवहार नसून समाजवादी प्रयोग आहे, असे त्याचे वेगळेपण मान्य केले होते. १८८७ च्या आवृत्तीत मात्र त्याने तळटीप घालून, हीदेखील अखेर कामगारांच्या शोषणाचीच जागा झाली, असा निवाडा दिला. हा निवाडा कठोर आहे. ज्या संस्थेत भांडवल नऊ-दहा टक्क्यांवर समाधान मानत होते, तिला इतर कारखान्यांच्या रांगेत बसविणे न्याय्य नाही. तथापि एंगल्सच्या संशयाला आधार होता, आणि तो त्याच करारनाम्यात लिहिलेला होता.

संस्थेने काम करणाऱ्यांच्या पायऱ्या पाडल्या होत्या. सर्वांत वर पूर्ण सभासद. त्याने पंचविशी ओलांडलेली असावी, पाच वर्षे काम केलेले असावे, पाच वर्षे प्रासादात राहिलेला असावा, त्याला लिहितावाचता यावे, त्याच्यापाशी निदान ५०० फ्रँकांचे भाग असावेत आणि सर्वसाधारण सभेने त्याला स्वीकारावे. त्याखाली साधे सभासद, त्याखाली सहभागी आणि सर्वांत खाली साहाय्यक. लाभांश मोजताना पूर्ण सभासदाची मजुरी दुप्पट, साध्या सभासदाची दीडपट आणि सहभागी कामगाराची एकपट धरली जाई. साहाय्यकाला विम्याचे संरक्षण होते, पण नफ्यात हिस्सा नव्हता. सर्वसाधारण सभेत मत होते ते फक्त पूर्ण सभासदांना.

गोदँचा हेतू वाईट नव्हता. माणसे हळूहळू वर चढतील, जबाबदारी शिकतील, साहाय्यकाचा पूर्ण सभासद होईल, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु शिडीच्या वरच्या टोकाला एक दार होते आणि ते दार घराचे होते. पूर्ण सभासद व्हायचे तर प्रासादात राहिले पाहिजे, आणि प्रासादातील सदनिका सुमारे पाचशेच. कामगार मात्र हजारांच्या वर होते आणि कारखाना वाढत होता. संस्थापकाच्या काळात नव्या इमारती बांधल्या गेल्या, पण त्याच्या मागे बांधकामाचा वेग मंदावला. मग रिकामी झालेली सदनिका कोणाला मिळणार? ज्याचा बाप आत राहतो त्याला. पूर्ण सभासदत्व कायद्याने वंशपरंपरागत नव्हते, पण व्यवहारात तसे होत गेले. बाहेर गावात राहणारा, तीच भट्टी पेटविणारा, तेच वितळलेले लोखंड साच्यात ओतणारा कामगार आयुष्यभर खालच्या पायरीवर राहू लागला. स्त्रियांची गोष्टही ध्यानात घ्यावी. संस्थापक स्त्रियांच्या समान हक्कांचा पुरस्कर्ता होता. मारी मोरे ही त्याची सहकारी आणि पुढे पत्नी, प्रयोगाच्या अग्रभागी होती. परंतु सभासदत्वाचा रस्ता ओतकामाच्या कारखान्यातून जात होता आणि तेथे स्त्रियांना काम फारसे नव्हते. कागदावरचा समान हक्क भट्टीपाशी अडला.

सहकारी चळवळ ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. सहकारी संस्थेचा खरा शत्रू पुष्कळदा बाहेरचा भांडवलदार नसतो. तो सभासद आणि बिगर-सभासद यांच्यामधला उंबरा असतो. उंबऱ्याच्या आत लोकशाही, समता, लाभांश. उंबऱ्याच्या बाहेर तीच जुनी मजुरी. संस्था भरभराटीला येऊ लागली की आतल्यांना नवा सभासद म्हणजे आपल्या वाट्यात आणखी एक वाटेकरी वाटू लागतो. नफा जितका अधिक, तितका उंबरा उंच. हा स्वभावदोष नाही, हे रचनेचे गणित आहे. म्हणूनच ते उपदेशाने सुटत नाही. सभासदत्व हा कामाबरोबर आपोआप येणारा हक्क आहे की आतल्यांनी द्यावयाची मेहेरबानी आहे, हे करारनाम्यात पहिल्याच कलमात ठरले पाहिजे. ग्वीजमध्ये ते दुसऱ्या प्रकारे ठरले होते.

१९६८ चा जून

तरीही ही संस्था अठ्ठ्याऐंशी वर्षे टिकली, हे विसरता कामा नये. पहिल्या महायुद्धात ग्वीज चार वर्षे जर्मनांच्या ताब्यात होते. डावी इमारत जळाली आणि १९२० च्या दशकात पुन्हा उभारावी लागली. त्यानंतर मंदी आली, दुसरे युद्ध आले आणि पुन्हा परकी अंमल आला. बहुसंख्य खाजगी कंपन्यांना एवढे आयुष्य लाभत नाही. ‘कामगारांच्या हाती कारखाना दिला तर तो वर्षभरात बुडेल’ असे म्हणणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र संस्थेचे पाय लटपटू लागले. घरोघर गॅस, वीज आणि मध्यवर्ती तापनव्यवस्था येऊ लागली आणि बिडाच्या शेगडीची सद्दी संपत आली. नवी यंत्रे, नवा माल, नवे भांडवल यांची निकड होती. युरोपीय सामायिक बाजारपेठेमुळे शेजारच्या देशांतील मालाशी गाठ होती. अशा वेळी ज्यांना स्वतःच्या लाभांशाला कात्री लावून कारखाना वाचवावा असे वाटेल, अशा सभासदांची गरज असते. परंतु येथील सभासद तोवर मालक आणि कामगार यांपैकी नेमके कोण आहेत, हे त्यांनाच सांगता आले नसते. बाहेरच्या पायरीवरच्या कामगाराला तर या संस्थेसाठी लढावे असे वाटण्याचे कारणच उरले नव्हते. जी आपली नाही ती संस्था वाचविण्यासाठी कोण धावून येणार?

जून १९६८ मध्ये सहकारी संस्था विसर्जित होऊन तिचे साध्या भागभांडवली कंपनीत रूपांतर झाले. पुढच्या एक-दोन वर्षांतच ती कंपनी बिडाची भांडी करणाऱ्या ‘ल क्रझे’ या कंपनीच्या ताब्यात गेली, आणि प्रासादातील सदनिका विकून टाकण्यात आल्या. दैवाचा उपरोध असा की, याच्या आदल्याच महिन्यात फ्रान्समधील लक्षावधी कामगार संपावर होते आणि पॅरिसच्या भिंतींवर कामगारांच्या स्वयंशासनाच्या घोषणा रंगविल्या जात होत्या. जे त्यांना हवे होते, त्याचा एक जुना नमुना त्याच देशाच्या उत्तरेस, फारसा गाजावाजा न होता, दप्तर गुंडाळत होता.

जतन कशाचे?

आज ग्वीजच्या तिन्ही इतिहासांचे जतन होत आहे. पहिल्या महायुद्धाच्या तोफांनी मोडकळीला आलेल्या किल्ल्याची डागडुजी १९५० च्या दशकापासून तरुण स्वयंसेवकांनी हाती घेतली. फामिलिस्तेरला १९९१ साली ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळाले. २००० साली एन जिल्हा आणि ग्वीज गाव यांनी मिळून एक सार्वजनिक मंडळ स्थापन केले आणि ‘यूटोपिया’ या नावाचा जीर्णोद्धाराचा कार्यक्रम सुरू झाला. मधल्या इमारतीत संग्रहालय झाले, धुलाईघर आणि नाटकगृह दुरुस्त झाले. काही सदनिकांत आजही माणसे राहतात. हे काम आस्थेने झालेले आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. सरकारी पैसा राजवाड्यांवर खर्च होतो, तो कधी तरी कामगारांच्या प्रासादावर खर्च व्हावा, यात गैर काहीच नाही.

माझी हरकत निराळी आहे. ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित केल्यावर कायदा काचेच्या छताचे रक्षण करतो, सज्ज्याच्या कठड्याचे रक्षण करतो, विटेच्या रंगाचेही रक्षण करतो. त्या छताखाली जो सामाजिक संबंध नांदत होता, त्याचे रक्षण करणारे कलम जगातील कोणत्याही वारसा-कायद्यात नाही. १९६८ साली एखाद्या मालकाने मधल्या चौकाचे काचेचे छत फोडून टाकले असते, तर देशभर हळहळ झाली असती. भांडवल आणि श्रम यांच्यातील करार फोडला गेला, तेव्हा हळहळणारे थोडेच होते. इमारत ही त्या कराराची सावली होती. आपण सावली जपली आणि झाड तोडू दिले.

यावर कोणी म्हणेल, संस्था काही संग्रहालयात ठेवता येत नाही. काळ बदलला, शेगड्यांची मागणी सरली, संस्थाही सरली. हे अर्धसत्य आहे. शेगड्या सरल्या नाहीत. गोदँच्या नावाच्या शेगड्या संस्था मोडल्यानंतरही दशकानुदशके ग्वीजमध्ये ओतल्या जात राहिल्या. माल राहिला, नाव राहिले, इमारत राहिली. गेली ती फक्त कामगारांची मालकी. तेव्हा काळाने काय नेले आणि माणसांनी काय सोडून दिले, यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे.

वारसा हा शब्द मुळात मालमत्तेच्या कायद्यातला आहे. वारस म्हणजे पाहुणा नव्हे. तिकीट काढून आत जाणारा, काचेच्या छताकडे मान वर करून पाहणारा आणि ‘केवढा उदार माणूस होता’ असे म्हणत बाहेर पडणारा प्रवासी हा गोदँचा वारस होऊ शकत नाही. त्याचा वारस तो, जो १८८० चा करारनामा उघडून त्यातले दोन धडे बरोबर घेऊन जाईल. पहिला धडा असा की नफ्याच्या वाटणीचा नियम हा निसर्गाचा नियम नाही. माणसांनी एका कागदावर तो ठरविला आहे आणि दुसऱ्या कागदावर माणसांना तो बदलता येतो. ग्वीजने तो बदलून दाखविला आणि कारखाना बुडाला नाही. दुसरा धडा असा की ज्या सहकारी संस्थेचे दार आतून लागते, तिला मोडण्यासाठी बाहेरच्या शत्रूची गरज नसते. कामाच्या पहिल्या दिवसापासून सभासदत्वाचा हक्क, आणि घराशी, कुळाशी वा बापाच्या नावाशी त्याचा संबंध नसणे, एवढी एक दुरुस्ती त्या करारनाम्यात वेळीच झाली असती, तर १९६८ साली त्या संस्थेला निदान रक्षणकर्ते तरी मिळाले असते.

ड्यूकांच्या किल्ल्यापाशी शिकण्यासारखे एवढेच आहे की सत्ता जाते. देमुलँच्या जन्मगावी शिकण्यासारखे हे आहे की सत्ता उलथविता येते. पण उलथविल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा भोंगा वाजतो तेव्हा आत कोणी, कोणत्या अटींवर जायचे, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्याचा प्रयत्न ग्वीजच्या ओतकऱ्यांनी केला. ते उत्तर अपुरे राहिले, म्हणून ते पुसून टाकण्याचे कारण नाही. ते पुरे करण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि त्यासाठी वाज नदीच्या काठीच गेले पाहिजे असे नाही.